चिमोरी डोंगरात राहतो

"हिला पाठवून काय उपयोग? तुझ्या वन्सं चार दिवसांत परत आणून सोडतील. धाकटीला पाठव, मित्सुएला. ती निदान हसते तरी."

"आणि हिने कुणाचं घोडं मारलंय?"

"घोडं नाही मारलं, पण चेहरा बघ तिचा. कोर्टाची नोटीस घेऊन आल्यासारखी उभी राहते पोर. लाघव म्हणून नाही अंगात."

"चेहरा देवाने दिला, सासूबाई. त्याला ती काय करणार?"

"चेहऱ्यावर औषध नाही, आवाजावर आहे. जरा गोड बोलायला शीक म्हणावं. गोंडस पोर चार घरच्या ताटात जेवतं, आणि तोंड पाडणारं पोर स्वतःच्या घरीही उपाशी राहतं. मी जग पाहिलंय."

सरकत्या दाराच्या अलीकडे त्सुनेको चुलीशेजारी, धुराला टांगलेल्या मुळ्यांखाली बसली होती. वय आठ. अकिताच्या डोंगरातलं ते गाव, लढाई नुकतीच संपलेली, आणि घरात भात म्हणजे पाण्यात चार दाणे. योकोते गावची आत्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, दुकान चालवायची. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाच्या दोन पोरींतली एक घेऊन जाणार होती. तिथं पोटभर जेवण होतं. आई आणि आजी भांडत होत्या ते एवढ्यासाठीच, की कुणी जेवायचं.

भांडण कोण जिंकलं ते त्सुनेकोला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्या आली तेव्हा मात्र ती मित्सुएच्या आधी दारात जाऊन गुडघ्यांवर बसली, आणि आपला जाडाभरडा आवाज टाचा उंच कराव्यात तसा उंच करून म्हणाली, "आत्याबाई, पाय गार पडले असतील ना? मी चोळून देऊ?"

आत्या विरघळली. "अगं बाई, किती गोड गं ही!"

आजी मागे उभी होती. तिने फक्त नाक वर केलं. त्या दिवशी त्सुनेको योकोतेला गेली आणि संध्याकाळी दोन वाडगे भात जेवली. आपल्या आवाजाची किंमत तिला तेव्हा कळली, ती मरेपर्यंत विसरता आली नाही.

पुढे ती तोक्योला आली. छापखान्यात काम करणाऱ्या हिरुकावा नावाच्या माणसाशी तिचं लग्न झालं. रेडिओवर पोरांच्या नाटकांत ती कधी चिमणी व्हायची, कधी आजारी मुलगा, तर कधी केटली. मग टीव्हीवर चित्रांच्या गोष्टी सुरू झाल्या आणि तिला चिमोरी मिळाला.

चिमोरी म्हणजे डोंगरातून शहरात हरवलेलं, बिज्जू नावाच्या केसाळ रानजनावराचं पिल्लू. दर आठवड्याला ते आईला शोधायचं, आणि दर आठवड्याला आई थोडक्यात हुकायची. वाक्य संपलं की ते हळूच "मु" म्हणायचं. "भूक लागली, मु." "कुणी आहे का, मु." अख्ख्या देशातली पोरं जेवताना "मु" करू लागली. डब्यांवर चिमोरी, छत्रीवर चिमोरी, बँकेच्या पासबुकावरही चिमोरी. पोलिसांनीसुद्धा त्याला रस्ता ओलांडायचे नियम सांगायला उभा केला. मोठ्या माणसांचं कुणी ऐकत नाही, पण बिज्जूच्या पिल्लाचं ऐकतात.

दिग्दर्शक तोरिगोए साहेब सारखे सिगारेट ओढायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी चित्र भिंतीवर लावून सांगितलं, "हे बघा बाई. डोकं मोठं, पाय आखूड, डोळे तोंडाच्या जवळ खाली. तान्ह्या पोराचं असतं तसंच. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण उचललं नाही तर हे मरेल. आवाजही तसाच हवा."

"मरेल असा?"

"उचला असा."

ते त्सुनेकोला शिकवावं लागलं नाही.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लाल दिवा लागला की श्वासही चोरून घ्यायचा. कागद उलटताना आवाज होऊ द्यायचा नाही, सळसळणारे कपडे घालायचे नाहीत. पोट गुरगुरू नये म्हणून सगळ्या बाया आधी एकेक भाताचा गोळा खाऊन यायच्या. समोरची चित्रं अर्धवट असत. कधी चिमोरीच्या जागी पेन्सिलीची नुसती रेघ हलायची. त्या रेघेकडे बघून त्सुनेको रडायची, हसायची, हाका मारायची, आणि महिनाभराने त्या रेघेला अंग फुटून ती घराघरांत दिसायची.

एकदाच ती अडली. एका भागात चिमोरीला आई दुरून दिसते. पण तिच्याबरोबर दुसरी दोन पिल्लं असतात, आणि ती वळून बघत नाही. कागदावर होतं, 'चिमोरी हळूच हाक मारतो.' त्सुनेकोच्या तोंडून हाक गेली ती किंचाळीसारखी. "मला का टाकलंस?"

तोरिगोए साहेबांनी काचेपलीकडून बटण दाबलं. "बाई, हे काय?"

"त्याला राग आला असेल, साहेब."

"गोंडस जनावर रागावत नाही. रागावलं की ते नुसतं जनावर होतं. मग त्याला कोण उचलणार?" त्यांनी सिगारेट विझवली. "पुन्हा. आणि शेवटी मु."

त्सुनेकोने पुन्हा म्हटलं, शेवटी मु लावून. त्या भागाला पोरांची पोतंभर पत्रं आली.

एक नियम मात्र सगळ्या नियमांच्या वर होता. चिमोरीचा आवाज कुणाचा, हे पोरांना कळता कामा नये. एका मासिकाने कुणा दुसऱ्या गोष्टीतल्या सशाचा आवाज काढणाऱ्या बाईचा फोटो छापला होता. पंचेचाळिशीची बाई, चष्मा, हातात सिगारेट. पोरं रडली, आयांनी तक्रारी केल्या. तेव्हापासून तोरिगोए साहेबांनी सगळ्यांकडून कबुलीपत्रावर सहीऐवजी नावाचे शिक्के उमटवून घेतले होते. "पोरांचं स्वप्न मोडायचं नाही. चिमोरी डोंगरात राहतो. बस्स." त्सुनेकोने शिक्का उमटवला तेव्हा तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. मोलाने भात कांडणारीचं नाव कुणी जेवताना घेतं का?

तिची मुलगी चिझुरु. पोर आईसारखीच गंभीर, आखडलेली. शाळेत तिला मैत्रीण नव्हती. दुसरीत असताना एकदा मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी चिमोरीचं बोलत होत्या, आणि चिझुरुच्या तोंडून निघून गेलं, "तो माझी आई आहे."

त्या संध्याकाळी चार पोरी दारात उभ्या. बूट काढून नीट जोडून ठेवले, आत येऊन गुडघे दुमडून बसल्या. रुरिको नावाची त्यांची पुढारी होती, केसांत मोठी रिबीन. तिच्या आईने संत्री दिली होती, ती तिने दोन्ही हातांनी पुढे केली.

"काकू, चिझुरु म्हणते तुम्ही चिमोरी आहात. खरंच?"

"एकदाच बोलून दाखवा ना, काकू. एकदाच."

चिझुरु आईच्या मागे उभी होती. त्सुनेकोला वळून बघायची गरज नव्हती. पोरीच्या चेहऱ्याची ऊब पाठीला लागत होती. चिझुरुच्या आयुष्यात पहिल्यांदा चार मुली तिच्या घरी आल्या होत्या.

एक शब्द पुरला असता. एक मु.

त्सुनेकोला काचेपलीकडचे तोरिगोए साहेब दिसले. आपला शिक्का दिसला. आणि खरं सांगायचं तर योकोतेचा भातही दिसला. मग ती आपल्या घरच्या, खरखरीत आवाजात म्हणाली, "चिमोरी? अगं, तो तर डोंगरात राहतो. मी कशी असेन चिमोरी? मी तर मुळे चिरते."

चारही पोरींनी चिझुरुकडे पाहिलं.

"खोटारडी," रुरिको म्हणाली. रागाने नाही, अगदी सभ्यपणे. निघताना चौघींनी वाकून नमस्कार केला आणि संत्री ठेवून गेल्या.

चिझुरुने संत्र्यांना हात लावला नाही. जेवताना तिने विचारलं, "तू का नाही सांगितलंस?"

"पोरांचं स्वप्न मोडायचं नसतं, बाळा."

"मीपण पोरच आहे ना?"

त्सुनेकोचा नवरा वाडग्यात तोंड घालून जेवत होता. तो म्हणाला, "तुझ्या आईची नोकरी आहे ती." बोलणं तिथंच संपलं. त्या घरात बोलणी अशीच संपायची. दिवसभर त्या आवाजात बोलून घसा सोललेला असायचा, त्यामुळे घरी आलं की त्सुनेको गळ्याला फडकं गुंडाळून खुणेनेच बोलायची. जगातल्या पोरांना झोपताना चिमोरी मिळायचा, आणि चिझुरुला हाताची खूण. दिवा मालव.

'खोटारडी' हे नाव चिझुरुला चिकटलं ते शाळा संपेपर्यंत निघालं नाही. वर्गात काही हरवलं की आधी तिचं दप्तर बघायचे. तिने कधी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. अठरा पूर्ण झाली आणि नागाओकाला नोकरी धरून निघून गेली. तिथंच लग्न केलं. नव्या वर्षाला कार्ड यायचं, त्यावर छापील शुभेच्छा आणि खाली हाताने एक ओळ. 'थंडी आहे, जपून राहा.' बँकसुद्धा याहून जास्त लिहिते.

वर्षं गेली. तोरिगोए साहेब वारले. मागोमाग नवराही गेला. चिमोरी मात्र तेवढाच राहिला. अजून आई सापडली नव्हती. सापडली असती तर छत्र्या कोण घेणार?

आणि एक दिवस नवे साहेब, कानेशिगे नावाचे, तिच्यासमोर चहा ठेवून हात चोळू लागले. "हिरुकावा बाई, आवाज थोडासा... कसं सांगू... मोठा झालाय."

"माणूसही झालंय, साहेब."

ते हसले, फार वेळ हसले. मग म्हणाले की एक मुलगी आहे, इसाका माहो, बावीस वर्षांची, तिला तुम्ही तयार करा. म्हणजे पोरांना फरक कळणार नाही.

म्हातारी सासू थकली की भाताचा पळा सुनेच्या हाती देते, तसं त्सुनेकोने केलं. मु कुठं तोडायचा, हुंदका कुठं गिळायचा, रडू घशात न आणता नाकात कसं ठेवायचं, सगळं शिकवलं. माहो गुणी पोर. येता-जाता जमिनीला कपाळ टेकवायची. तिचा घसा बसायचा, म्हणून त्सुनेको तिला मधातला मुळा करून न्यायची. मुळ्याचे तुकडे मधात ठेवले की पाणी सुटतं, ते कोमट करून प्यायचं. आजी गावी तांदळाच्या पाकात करायची. चेहऱ्यावर औषध नाही म्हणाली होती, पण घशावर तिच्याकडे औषध होतं.

शेवटच्या दिवशी फुलं दिली. पुढच्या आठवड्यात चिमोरी माहोच्या आवाजात बोलला. त्सुनेको टीव्हीपुढे बसून वाट बघत राहिली. एक आठवडा, दोन, महिना. मग तिने कचेरीत फोन केला. "कुणी पोराने काही विचारलं का?"

"नाही हो बाई!" कानेशिगे साहेब आनंदाने म्हणाले. "एकानेही नाही! तुमची कमाल आहे."

तिने फोन ठेवला. मग तिच्या मनात आलं, आता मी चिमोरी नाही. मग आता खरं बोलायला काय हरकत आहे? दुनियेला नाही सांगायचं. एकीलाच सांगायचं. ज्या एका शब्दावाचून पोरगी पाव शतक खोटारडी राहिली, तो शब्द तेवढा आता बोलायचा.

हिवाळ्यात ती नागाओकाला गेली. बर्फ खिडकीपर्यंत आलेला. चिझुरुने दार उघडलं. "कळवून आली असतीस तर."

"कळवलं असतं तर तू घरी नसतीस."

चिझुरुच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. एवढं स्वागत पुष्कळ होतं.

आत उबेच्या, खाली शेगडी असलेल्या चौकीखाली पाय घालून नात बसली होती, अकाने, पाच वर्षांची, काखेत चिमोरीची बाहुली. बाहुलीचा एक कान चघळून चघळून चपटा झालेला. चिझुरु समोर बसून पर्सिमनची फळं सोलू लागली. त्सुनेकोने चहा संपवला, पेला खाली ठेवला आणि पाठ ताठ केली.

"अकाने, ऐक. हा चिमोरी आहे ना, त्याचा आवाज मी काढायचे. तुझी आई लहान असताना तिने मैत्रिणींना हेच सांगितलं होतं. आणि मी खोटं बोलले. तुझी आई खरं बोलत होती."

चिझुरुच्या हातातला चाकू थांबला. साल अर्धवट लोंबत राहिली.

अकाने आजीकडे बघत राहिली. "मग बोल."

त्सुनेकोने डोळे मिटले. समोर पेन्सिलीची रेघ आणली. "आई, मी इथं आहे, मु. पानं गळून गेली तरी मी इथंच आहे, मु."

आवाज वर गेला खरा, पण वर जाऊन जुन्या दारासारखा कुरकुरला. तिला स्वतःलाही ते ऐकू आलं.

अकानेने बाहुली छातीशी घट्ट धरली आणि तिचे दोन्ही कान हाताने झाकले. "आजी, खोटं बोलू नये. चिमोरी असा नाही बोलत." तिचा खालचा ओठ थरथरू लागला. "हा चिमोरी नाहीये. आई, आजी असं का करते? चिमोरी मेला का?"

त्सुनेकोने लेकीकडे पाहिलं. आता चिझुरु सांगेल. तिच्याखेरीज हे खरं आहे हे ठाऊक असलेलं एवढं एकच माणूस त्या खोलीत होतं. सांगायला तिला आता कुणाची बंदी नव्हती.

चिझुरुने चाकू ठेवला, हात पुसले आणि पोरीला मांडीवर ओढलं.

"नाही गं राणी. आजी गंमत करत होती. चिमोरी डोंगरात राहतो ना? आजी कशी असेल चिमोरी?"

शब्द न् शब्द तोच. सूर तेवढा मऊ होता.

अकाने हळूहळू शांत झाली. फळाची फोड खाल्ली, बाहुलीलाही भरवली. आजीला एक फोड दिली आणि मोठ्या मनाने म्हणाली, "पुन्हा नको हं करू."

"नाही करणार," त्सुनेको म्हणाली.

नंतर मोरीवर दोघी भांडी धूत होत्या. त्सुनेको पुसत होती. "मुद्दाम म्हणालीस?"

चिझुरुने नळ बंद केला नाही. "पोरगी रडली असती, आई."

"हो."

"मीही रडले असते तेव्हा. रडले नाही, एवढंच."

तो सूड होता की आईपण, ते चिझुरुला ठाऊक. कदाचित तिलाही नसेल. स्टेशनवर सोडायला ती आली. गाडी येताना दिसली तेव्हा म्हणाली, "थंडी आहे, जपून राहा." कार्डावरचीच ओळ, पण तोंडाने म्हटलेली. पदरात पडलं ते एवढंच. गाडीत त्सुनेको खिडकीकडे तोंड करून बसली आणि काच धुक्याने भरली तरी पुसली नाही.

तो हिवाळा सरायच्या आत ती गेली. एकटी, झोपेत, फारसा कुणाला त्रास न देता. पेपरात नाव आलं नाही. पोरांचं स्वप्न. चिझुरु येऊन अस्थी घेऊन गेली. कचेरीकडून पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र आलं होतं, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. शेजारणी कुजबुजल्या की हिरुकावा काकूंचं कुणी श्रीमंत असावं.

मरणाच्या आदल्या आठवड्यात त्सुनेको भाजीवाल्याकडे गेली होती, नेहमीसारखी.

"अर्धा ना, काकू?" त्याने सुरी उचलली. नवरा गेल्यापासून ती अर्धाच घ्यायची.

"अख्खा दे. आणि पाला तोडू नकोस. वरचा भाग गोड असतो, तो मधात घालायचाय."

"कोण आजारी?"

"कुणी नाही. एका पोरीचा घसा आहे."

मुळा घरी आणून तिने सोलला, लहान तुकडे केले, बरणीत भरले, वरून मध ओतला. मुळ्याला पाणी सुटल्यावर बरणी उलटी धरून झाकण गळत नाही ना ते पाहिलं. खालचा तिखट अर्धा भाग स्वतःसाठी किसून ठेवला. मग बरणी फडक्यात बांधून बसने ध्वनिमुद्रणाच्या कचेरीत गेली. दारावरची मुलगी नवी होती. तिच्या टेबलावर चिमोरीचं छोटं कॅलेंडर होतं.

"इसाका बाईंना द्यायचंय."

"आत लाल दिवा लागलाय, आजी. मी देईन नंतर. कुणी दिलं म्हणून सांगू?"

"नाव नको. मुळा बघितला की कळेल तिला. दोन चमचे, कोमट पाण्यात. गरम नाही."

"बरं." मुलीने बरणी बाजूला सरकवली.

"आणि मागची बरणी धुऊन ठेवली असेल, ती दे."

मुलगी आत जाऊन शोधून आली. बरणी स्वच्छ होती. त्सुनेकोने झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं, फडक्यात गुंडाळलं, गाठ मारली. आतल्या दारामागून बारीकसा आवाज येत होता, कुणीतरी आईला हाक मारत होतं. दोन शब्द ऐकून ती मुलीला म्हणाली, "हुंदका लवकर घेते अजून," आणि वाकून नमस्कार करून बसथांब्याकडे निघाली.